आकडा आणायचा कुठून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यात एखाद्या गावात कपाशीचा पीक कापणी प्रयोग घ्यायचा असला, की शेत निवडण्याचा अधिकार कोणाच्याच हातात ठेवलेला नसतो. तलाठ्याच्या नाही, कृषी सहायकाच्या नाही, सरपंचाच्या नाही आणि विमा कंपनीच्या प्रतिनिधीच्याही नाही. गावातल्या गट नंबरांमधून आकडा निघतो. तो ज्या शेताचा, त्या शेतात दोर टाकून ठरावीक मापाचा प्लॉट आखला जातो आणि त्या प्लॉटमधून वेचलेल्या कापसाचे वजन सगळ्या महसूल मंडळाच्या नुकसानभरपाईच्या हिशोबात जाते. वजनावरून वाद होतात, पंचनाम्यावरून होतात, भरपाईच्या रकमेवरून तर होतातच. पण हेच शेत का निवडले, या प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते सगळ्यांना सारखे लागू पडते : आकडा निघाला.

कोणाच्याही मर्जीतला नसलेला असा आकडा आणायचा कुठून, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. गेली शंभर वर्षे त्याचा शोध चालू आहे. सांख्यिकीच्या अभ्यासकांनी त्यासाठी तक्ते छापले, मुंबईच्या सट्टेबाजांनी तो समुद्रापलीकडच्या बाजारभावात शोधला आणि संगणक अभियंत्यांनी कीबोर्डच्या ठोक्यांत, फिरत्या डिस्कमध्ये, सिलिकॉनच्या कणांतल्या थरथरीत. या सगळ्यांना शेवटी एकच गोष्ट मान्य करावी लागली. नियमाने चालणारी व्यवस्था स्वतःच्या पोटातून अनिश्चितता काढू शकत नाही. ती बाहेरून आणावी लागते, आणि ज्या वाटेने आणली ती वाट तपासता यावी लागते. विशेष म्हणजे या इतिहासाच्या पहिल्या टप्प्यांवर जागोजागी कापूस आहे.

मँचेस्टरचा तक्ता

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. पुढे कापसाचा धागा, त्याची ताकद आणि त्यातले दोष यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी गिरणीमालकांनी मँचेस्टरला शर्ली इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था उभी केली. लिओनार्ड टिपेट हा तरुण सांख्यिक १९२५ मध्ये तिथे रुजू झाला आणि चाळीस वर्षे तिथेच राहिला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअरसन यांच्याकडे शिकताना टिपेटला नमुने काढण्याचे काम पडले होते. छोट्या चिठ्ठ्या पिशवीत घालून तो एकेक काढत असे. हिशोब मांडल्यावर लक्षात आले की चिठ्ठ्या नीट मिसळतच नाहीत. वर टाकलेली वर राहते, काढून परत टाकलेली पुन्हा हाताला लागते. हाताने केलेली सरमिसळ डोळ्यांना पुरेशी वाटते, गणिताला पुरत नाही. तेव्हा पिअरसन यांच्या सांगण्यावरून त्याने जनगणनेच्या अहवालांमधल्या आकडेवारीतून अंक उचलले, एकापुढे एक मांडले आणि १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रँडम आकड्यांचे जगातले हे पहिले छापील पुस्तक. ते उघडायचे, कोणत्या तरी ओळीवर बोट ठेवायचे आणि तिथून पुढे अंक वाचत जायचे. चिठ्ठ्यांची पिशवी आता कागदावर कायमची मिसळून ठेवलेली मिळू लागली.

वऱ्हाडच्या शेतात

इकडे हिंदुस्थानात पिकाचा अंदाज घेण्याची पद्धत होती आणेवारीची. पीक सोळा आणे की बारा आणे, हे पाटील-पटवाऱ्याने नजरेने ठरवायचे. त्या नजरेत सवय होती, सारा माफ होण्याची आशा होती, वरच्या साहेबाची भीती होती. पीक मोजायचे तर ते कापून तोलायला हवे आणि कापायचे शेत माणसाने निवडायला नको, हे १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसातल्या भातशेतीवर जॉन हबॅक या आयसीएस अधिकाऱ्याने दाखवून दिले. माणसाला शेत निवडायला सांगितले की त्याचे पाय आपोआप रस्त्याकडेच्या, बऱ्या दिसणाऱ्या शेताकडे वळतात. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही, पण उत्पन्नाचा आकडा मात्र फुगतो.

कापसासाठी हे काम उभे केले ते डॉ. वि. गो. पानसे यांनी. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या इंदूर येथील संस्थेत ते सांख्यिक होते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अकोला जिल्ह्यात कपाशीच्या शेतांची रँडम पद्धतीने निवड करून उत्पन्न मोजण्याचा प्रयोग झाला आणि पुढे तो मध्यप्रांत-वऱ्हाडात पसरला. पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याची चर्चा केली. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत गहू आणि भाताचे असेच सर्वेक्षण बांधत होते. पानसे आणि सुखात्मे या दोघांनी मिळून १९५४ मध्ये शेतीशास्त्रासाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक भारतातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या शिकवले गेले.

या पद्धतीचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. आधी गावे रँडम आकड्याने निवडायची. मग गावातला सर्व्हे नंबर. मग शेताच्या कोपऱ्यापासून लांबीत इतकी पावले आणि रुंदीत इतकी पावले, हेही आकड्यानेच. समजा गावात १३७ सर्व्हे नंबर आहेत. तक्त्यातून तीन अंकी आकडा घ्यायचा, त्याला १३७ ने भागायचे आणि बाकी उरेल तो नंबर धरायचा. पण १३७ ची सातपट ९५९ होते. ९५९ च्या पुढचे आकडे घेतले, तर सुरुवातीच्या सर्व्हे नंबरांना एक संधी जास्त मिळते. म्हणून ते आकडे सोडून द्यायचे. वऱ्हाडातल्या शेताच्या बांधावर पाळला जाणारा हा बारकावा आज सुरक्षेचे सॉफ्टवेअर लिहिणारा प्रत्येक चांगला प्रोग्रामर जसाच्या तसा पाळतो.

कपाशीत आणखी एक अडचण होती. गहू एकदा कापला की संपले. कापूस दोन-तीन वेचण्यांत येतो. म्हणून आखलेला प्लॉट महिनोन्‌महिने जपायचा, प्रत्येक वेचणीचे वजन वेगळे लिहायचे आणि शेवटी बेरीज करायची. आकड्याने एकदा निवडलेली जागा हंगाम संपेपर्यंत बदलायची नाही. मनासारखा आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत बसण्याचा मोह या नियमाने बंद केला.

न्यूयॉर्कचा भाव, मुंबईचा आकडा

शास्त्रज्ञांप्रमाणे सट्टेबाजांनाही कोणाच्या हातात नसलेला आकडा हवा होता आणि तोही त्यांना कापसातच सापडला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जे भाव निघत, ते तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत. या भावांच्या अंकांवर पैसे लावण्याचा 'आंकडा' मुंबईच्या गल्लीबोळांत खेळला जाऊ लागला. हा जुगार होता आणि त्याने असंख्य गिरणी कामगारांचे संसार धुळीला मिळवले, हे विसरून चालणार नाही. पण लोकांचा त्यावर विश्वास का बसला, हे कारण आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. मुंबईतल्या कोणत्याही बुकीला न्यूयॉर्कचा भाव हलवता येत नव्हता. आकडा बाहेरून येत होता.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून येणारा हा ओघ थांबला. मग कल्याणजी भगतने १९६२ मध्ये वरळीत आणि रतन खत्रीने १९६४ मध्ये स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. सुरुवातीला मडक्यातल्या चिठ्ठ्या, पुढे पत्ते : तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. नाव मात्र मटकाच राहिले. समुद्रापलीकडून येणारी अनिश्चितता आता एका माणसाच्या हातात आली आणि त्याबरोबर तो माणूस आकडा खरा काढतो की बनवतो, हा प्रश्नही आला. स्रोत बंद झाला की त्याची जागा घेणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. पुढे संगणकाच्या जगात नेमका हाच प्रश्न उभा राहणार होता.

देवळालीचे मास्तर आणि अंकांचा सापळा

१९४९ या एका वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन माणसे अंकांशी सारखाच खेळ खेळत होती. एक होते देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकसारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता. कापरेकरांनी हा शोध त्या वर्षी मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

दुसरे होते जॉन फॉन नॉयमन. अणुबाँबच्या गणितासाठी त्यांना रँडम आकडे लाखोंच्या संख्येने हवे होते आणि संगणकाला छापील तक्त्यातून ते वाचून देणे फार संथ होते. त्यांनी युक्ती काढली : चार अंकी संख्येचा वर्ग करा, आठ अंकांतले मधले चार उचला, त्यांचा पुन्हा वर्ग करा. अंक उड्या मारताना दिसतात. पण ३७९२ चा वर्ग करून पाहा : १,४३,७९,२६४. मधले चार अंक पुन्हा ३७९२. यंत्र तिथेच अडकले. इतर कित्येक संख्या लवकर शून्यावर किंवा एखाद्या छोट्या चक्रावर येऊन थांबतात. १९४९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या परिषदेत खुद्द फॉन नॉयमन यांनीच बजावले की निव्वळ अंकगणिताने रँडम आकडे बनवू पाहणारा पापाचा धनी होतो.

कापरेकरांना जे सौंदर्य म्हणून दिसले, तीच फॉन नॉयमन यांची अडचण होती. नियम ठरला की वाट ठरली. पुढे कितीतरी चांगले नियम शोधले गेले, ज्यांचे चक्र पुन्हा सुरू व्हायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ लागेल. तरीही पहिला आकडा ज्याला कळला, त्याला पुढचे सगळे कळतात. या पहिल्या आकड्याला प्रोग्रामर सीड म्हणतात. सगळे रहस्य त्या सीडमध्ये आहे आणि ते सीड कोणताही प्रोग्राम स्वतः बनवू शकत नाही.

यंत्राला बाहेरचे जग

म्हणून अभियंत्यांनी यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने १९४७ मध्ये विजेच्या स्पंदनांवर चालणारे एक प्रकारचे इलेक्ट्रॉनिक रूलेट चक्र बनवले. त्यातून निघालेल्या अंकांत झुकाव आढळला, तेव्हा यंत्रात दुरुस्त्या कराव्या लागल्या. शेवटी प्रत्येक कार्डावरचे अंक आधीच्या कार्डावरच्या अंकांत मिळवून, हातचा सोडून देऊन, नवे अंक बनवले आणि १९५५ मध्ये दहा लाख अंकांचे पुस्तक काढले. १९५१ च्या फेरांटी मार्क १ या संगणकात ॲलन ट्युरिंग यांच्या आग्रहाने विद्युत गोंगाटातून रँडम अंक देणारी खास आज्ञाच बसवली होती. १९५७ मध्ये ब्रिटनच्या सरकारी बचत रोख्यांची सोडत काढणारे अर्नी हे यंत्र आले. निऑनच्या नळ्यांतल्या वायूची अस्थिरता हे त्याचे भांडवल.

रँडच्या अनुभवातून दोन धडे मिळाले. एक : उपकरण कितीही चांगले असो, त्यात झुकाव असू शकतो. दोन : वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या आकड्यांची बेरीज करत गेले, तर झुकाव विरत जातो. चार स्रोतांतले तीन खोटे निघाले, पण चौथा खरा आणि स्वतंत्र असला, तर मिश्रण खरेच राहते. ऑपरेटिंग सिस्टिमचे पुढचे सगळे शास्त्र या दुसऱ्या धड्यावर उभे राहिले.

एक तळे, अनेक ओढे

१९९५ पर्यंत इंटरनेटवरून पैसे देण्याचे दिवस आले होते. त्यासाठी नेटस्केपच्या ब्राउझरला दर वेळी नवी गुप्त किल्ली बनवावी लागे. त्या वर्षी बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या दोन विद्यार्थ्यांनी दाखवले की या किल्लीचे सीड घड्याळाची वेळ आणि चालू प्रोग्रामचे क्रमांक यांतून घेतले जाते. वेळ तर सगळ्यांनाच ठाऊक असते. अंदाज बांधून एकेक शक्यता तपासत गेले की किल्ली हाती लागत होती. कुलूप मजबूत होते, पण किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली होती.

यावर लिनक्समध्ये उत्तर तयार होते. थिओडोर त्सो याने १९९४ मध्ये लिहिलेली रँडम आकड्यांची व्यवस्था १९९५ मध्ये लिनक्स १.३.३० मध्ये आली. तिची कल्पना अशी : ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्या उपकरणांच्या मधोमध बसलेली असते. कीबोर्डवर बोट पडले, माउस हलला, डिस्कचे वाचन पूर्ण झाले, की ते उपकरण तिला हाक मारते. प्रत्येक हाकेची अचूक वेळ नोंदवायची. तासमिनिटे कोणालाही सांगता येतात. पण सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागापर्यंत मोजलेल्या वेळेचे शेवटचे अंक कोणालाच आधी सांगता येत नाहीत. माणसाचे बोट तितके नियमित नसते. डिस्कही नसते. डॉन डेव्हिस, रॉस इहाका आणि फिलिप फेन्स्टरमाकर यांनी १९९४ मध्ये दाखवले होते की फिरत्या डिस्कच्या पेटीतल्या हवेच्या खळबळीमुळे वाचनाच्या वेळा अनिश्चितपणे बदलतात.

हे सगळे बारीक अंक ४,०९६ बिटांच्या एका साठ्यात सतत घुसळले जात. कोणी आकडा मागितला, की साठ्यातले अंक जसेच्या तसे द्यायचे नाहीत. त्यांवर हॅश नावाची एकेरी प्रक्रिया करायची आणि तिचे फळ द्यायचे. फळावरून साठा ओळखता येत नाही. किती अनिश्चितता जमा झाली, याचा अंदाजही ठेवला जाई. बाहेर दोन दारे होती. 'डेव्ह रँडम' या दाराशी साठा अपुरा वाटला तर थांबून राहावे लागे. 'डेव्ह युरँडम' कधीच थांबवत नसे.

यातही एक पोकळी होती. यंत्र चालू होताना साठा रिकामा असतो आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळ प्रोग्राम किल्ल्या बनवतात. त्यावर उपाय असा केला की यंत्र बंद करताना साठ्यातला थोडा भाग फाइलमध्ये ठेवायचा आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच तो घालायचा. रात्री दुधाला लावण्यासाठी कालच्या दह्याचे विरजण राखून ठेवतात, तसे. पण अगदी नव्या यंत्राजवळ कालचे विरजण नसते.

जिथे बाहेरचे जग पोचले नाही

ही पोकळी किती महागात पडते, हे पुढच्या वर्षांत दिसले. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल सॉफ्टवेअरची एक दुरुस्ती झाली. तपासणीच्या साधनाने दिलेल्या इशाऱ्यामुळे काही ओळी काढून टाकल्या गेल्या, आणि साठ्यात अनिश्चितता ओतणारी वाटच त्या ओळींबरोबर गेली. सीड म्हणून उरला फक्त चालू प्रोग्रामचा क्रमांक, म्हणजे ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्यो याने ते उघडकीला आणेपर्यंत जगभरच्या सर्व्हरांनी अशा किल्ल्या बनवल्या होत्या. नेमाने चालणारे, तपासलेले, व्यवस्थित सॉफ्टवेअर. फक्त बाहेरच्या जगाशी त्याचा धागा तुटलेला.

२०१२ मध्ये नाडिया हेनिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी सगळे इंटरनेट पिंजून किल्ल्या गोळा केल्या. सुरक्षित वेब जोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या गुप्त किल्ल्या त्यांना गणिताने काढता आल्या. दोषी होती बहुतेक छोटी यंत्रे : राउटर, फायरवॉल, दूरनियंत्रणाची उपकरणे. त्यांना कीबोर्ड नाही, माउस नाही, फिरती डिस्क नाही. कारखान्यातून निघालेली एकसारखी यंत्रे पहिल्यांदा चालू झाली, एकाच रिकाम्या साठ्यातून त्यांनी आकडा उचलला आणि दोन अनोळखी यंत्रांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. पुढच्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये असाच दोष आढळला. रँडम आकड्यांची व्यवस्था नीट सुरूच झालेली नसताना ॲप तिच्याकडून आकडे घेत होती आणि त्यामुळे काही जणांचे बिटकॉइन चोरीला गेले.

मग प्रोसेसरमध्येच अनिश्चिततेचा उगम का बसवू नये? इंटेलने १९९९ मध्ये आपल्या चिपसेटमध्ये उष्णतेच्या गोंगाटावर चालणारा जनरेटर दिला होता. २०१२ च्या प्रोसेसरांत 'आरडी-रँड' ही आज्ञाच आली. एका क्षणात हवे तेवढे आकडे. पण आत काय चालते, ते बाहेरून तपासता येत नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने उघड केलेल्या कागदपत्रांनंतर अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा हात 'ड्युअल ईसी' या प्रमाणित जनरेटरमध्ये असल्याचा संशय घट्ट झाला आणि २०१४ मध्ये ते प्रमाण मागे घेण्यात आले. लिनक्सने केवळ प्रोसेसरच्या आज्ञेवर विसंबावे, हा आग्रह आपण मानला नाही याचे समाधान त्सो याने त्या वेळी बोलून दाखवले. लिनस टोरवाल्ड्सचे म्हणणेही तेच होते : ती आज्ञा अनेक स्रोतांपैकी एक म्हणून मिसळली जाते, एकमेव म्हणून नाही. २०१९ मध्ये एएमडीच्या नव्या प्रोसेसरांत ही आज्ञा प्रत्येक वेळी एकच आकडा देऊ लागली, तेव्हा या सावधपणाचे मोल पुन्हा पटले.

त्याच वर्षी उलट टोकाची गोष्ट घडली. लिनक्स ५.३ च्या तयारीत डिस्क वाचनाचा वेग वाढवणारी सुधारणा झाली. डिस्कच्या हाका कमी झाल्या, साठा भरायला वेळ लागू लागला आणि काही यंत्रे सुरू होतानाच अडून राहू लागली. तेव्हा टोरवाल्ड्सने प्रोसेसरच्या स्वतःच्याच वेळेतल्या सूक्ष्म चढउतारांतून अनिश्चितता गोळा करण्याची सोय ५.४ मध्ये केली. २०२० च्या ५.६ पासून 'डेव्ह रँडम' फक्त सुरुवातीला, साठा पहिल्यांदा भरेपर्यंतच थांबते. २०२२ मध्ये जेसन डोनेनफेल्ड याने आतली रचना नव्याने बांधली आणि जुन्या हॅशच्या जागी ब्लेक२एस आणला. सगळी चर्चा, सगळे बदल, सगळे वाद जगासमोर. कोणीही कोड उघडून पाहू शकतो.

खिशातला साठा

नेरच्या बाजारात कापूस विकून आलेला शेतकरी कृषी केंद्रावर यूपीआयने पैसे देतो, तेव्हा त्याच्या फोनमध्ये हेच चाललेले असते. बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असते आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे. पडद्यावर बोट टेकल्याची वेळ, वेगवेगळ्या उपकरणांच्या हाका, चिपमधला गोंगाट, असे अनेक ओढे त्या साठ्यात येत राहतात आणि त्यातून फोन बँकेच्या सर्व्हरशी बोलण्यासाठी दर वेळी नवी किल्ली बनवतो. त्या शेतकऱ्याच्या आजोबांच्या पिकाचा अंदाज पानसे यांनी ज्या तत्त्वावर मोजायला शिकवला, त्याच तत्त्वावर नातवाची रक्कम सुरक्षित आहे.

किल्लीचे सीड गुप्त राहावे लागते. सोडतीचे सीड मात्र उघड असावे लागते, फक्त ते कोणाला आधी माहीत नसावे. हा फरक आपल्या सार्वजनिक जीवनात अजून पुरेसा रुजलेला नाही. सरपंचपदाच्या आरक्षणासाठी लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात, तेव्हा सारे गाव पाहत असते. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली, तेव्हाही ईश्वरचिठ्ठी सर्वांसमोर निघाली. टिपेटने दाखवलेले चिठ्ठ्यांचे दोष तिथे आहेतच, पण ती वाट डोळ्यांना दिसते. आता शाळांच्या आरटीई प्रवेशाची सोडत, म्हाडाच्या घरांची सोडत, निवडणुकीत मतदान यंत्रांची आणि कर्मचाऱ्यांची सरमिसळ, हे सगळे संगणक करतो. दिग्रस मतदारसंघातल्या नेरच्या केंद्रावर कोणते यंत्र जाईल, तेही या सरमिसळीतून ठरते. राजकीय पक्षांचे प्रतिनिधी समोर बसलेले असतात. पण पडद्यावर यादी उमटणे म्हणजे आकडा कुठून आला ते दिसणे नव्हे.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात २०१७ पासून निवडणुकीनंतर मतपत्रिकांची पडताळणी होते. कोणत्या मतपत्रिका तपासायच्या, हे संगणक ठरवतो. पण त्याचे सीड जाहीर सभेत दहा बाजूंचे फासे टाकून ठरवतात. वीस वेळा फासा, वीस अंक. ते अंक जाहीर केले जातात आणि निवडीचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला असतो. घरी बसलेला कोणीही तेच अंक घालून तीच यादी निघते का, ते पडताळू शकतो. बाहेरच्या जगातली अनिश्चितता आणि संगणकाचा वेग यांचा असा मेळ आपल्याकडेही सहज बसेल. आरटीईची सोडत काढताना पालकांपैकी काहींनी फासे टाकावेत, अंक सभागृहात मोठ्याने वाचावेत, प्रोग्राम आधीच जाहीर झालेला असावा. पीक कापणी प्रयोगासाठी गट नंबर निवडतानाही प्रत्येक महसूल मंडळात हेच करता येईल. ज्या वऱ्हाडाने ऐंशी वर्षांपूर्वी पिकाचा हिशोब पटवाऱ्याच्या नजरेतून काढून आकड्याच्या हवाली केला, त्या वऱ्हाडाने तो आकडा कुठून आला हे विचारण्याचा हक्कही मागावा. मिळालेल्या भरपाईइतकेच त्या हक्कालाही मोल आहे.